म्हशीला विष कुणी घातलं?

नव्वदच्या दशकातली ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एक शेतकरी बाई रडत आत आली.

"साहेब, माज्या जावंनं म्हस मारली. वैरणीत विष घातलं!"

बांधावरून दोघींचं वैर होतं. जावेला बोलावून घेतलं आणि महिला पोलिसासमोर चौकशी केली.

"भांडण बांधाचं हाये साहेब. मुक्या जनावरानं माजं काय घोडं मारलं व्हतं?"

खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःची सुटका बघतो. ही मात्र मेलेल्या म्हशीसाठीच डोळे पुसत होती. मी तिला घरी जाऊ दिलं.

शवविच्छेदनानंतर जनावरांच्या डॉक्टरांनी तक्रारदार बाईला विचारलं, "मरायच्या आधी म्हैस आंधळी झाली होती? दात खात होती?"

"व्हय. भिंतीला डोकं लावून उभी ऱ्हायची."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "शिशाची विषबाधा वाटतेय. जवळपास कुणी बॅटऱ्या वितळवतं का?"

पंचनाम्याला शेतात गेलो, तर घासावर राखाडी धूळ बसलेली. वारा येत होता त्या अंगाला एक बंद पोल्ट्री होती आणि तिच्या पत्र्यांतून धूर निघत होता. आत परगावचा एक मजूर गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवत होता. बायको बाळंतपणाला गेलेली, म्हणून चार वर्षांची मुलगी त्याच्याजवळच. ती पोत्यावर पोट धरून पडली होती.

मालकाचं नाव तो काही केल्या सांगेना. शेवटी मी विचारलं, "पोरगी अशी पिवळी का पडलीय?"

"पोट दुकतंय तिचं. मालक म्हनला, गूळ खा, धुरानं काय व्हत न्हाई. मी खातो, तिलाबी देतो."

म्हैस कशानं मेली ते मी त्याला सांगितलं. त्यानं पोत्यावरच्या पोरीकडे बघितलं. "म्हंजी, माज्याच भट्टीनं?" मग त्यानं मालकाचं नाव सांगितलं आणि आंबेगावकडची दुसरी भट्टीही दाखवली.

मालकाला अटक झाली, भट्ट्यांना सील लागलं. बापालाही अटक करावी लागली. मुलीवर पुण्यात उपचार झाले. तिला परत त्या धुळीत न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई येईपर्यंत तिला ठेवायचं कुठं? जबाबाला आलेली जाऊ म्हणाली, "माज्या म्हायेरी, ओझरला नेते."

तक्रारदार बाईही तिथंच होती, ती तिच्याकडे न बघताच उठली. "आजारी लेकरू हाये, एकटीला झेपायचं न्हाई. मीबी येते."

जामिनावर सुटल्यावर बाप थेट ओझरला गेला. परत येऊन मला एवढंच म्हणाला, "साहेब, आज तिनं आपल्या हातानं भाकरी खाल्ली."

त्यानंतर तक्रारीत कुणाचंही नाव आलं, तरी मी आधी शेत फिरून, वारा कुठून येतो ते बघून यायचो. बांधाचं भांडण पुढंही चालूच राहिलं म्हणतात. पण मुलीला ओझरला नेलं त्या दिवशी दोघी जावा एकाच जीपमध्ये बसून गेल्या, आणि ती मुलगी एकीच्या मांडीवर डोकं, दुसरीच्या मांडीवर पाय टाकून झोपली होती.