माडाखालची बाज

आमच्या लेकाला कोकणात नोकरी लागली, समुद्राकाठच्या एका लहानशा शहरात. सुनेलाही तिथल्याच दवाखान्यात काम मिळालं, आणि त्यांची दीड वर्षाची पोर सांभाळायला कोणी नाही. म्हणून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आमच्या गावाहून, देऊळघाटहून, सामान घेऊन निघालो. सामान म्हणजे काय, तर ज्वारी, तुरीची डाळ, कुरडया आणि ह्यांची बाज. लेक फोनवर म्हणाला, "बाबा, इथं पलंग आहे."

हे म्हणाले, "पलंग तुले ठेव. मले माही बाज पायजे."

लेकानं भाड्यानं घेतलेलं घर जुनं, बरीच वर्षं कुलपात राहिलेलं. लाल चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, एकामागं एक अंधाऱ्या खोल्या. भिंतीला हात लावला की ओलसर लागे, मीठ तर डब्यातच पाझरे. मला मात्र घर आवडलं. म्हणजे खरं सांगू का, घरात नात होती ते आवडलं. सकाळी उठली की ती माझ्या गळ्यात पडायची. मग भिंत ओली का कोरडी, मला काय करायचं!

ह्यांचं तसं नव्हतं. सारा जन्म शेतात गेलेला माणूस. पहिल्याच दिवशी लेकाला विचारलं, "धाब्यावर चढाचा जिना कोठी हाय?"

"बाबा, कौलावर कोणी झोपतं का?" लेक हसला.

आमच्याकडं उन्हाळाभर रात्री घरावरच्या सपाट धाब्यावर आणि दुपारी कडुलिंबाखाली बाज. छताखाली ह्यांचा डोळा लागेना. डोळे लाल, जेवण कमी, चिडचिड. शेवटी म्हणाले, "रविवारी मी चाललो. तुले राहाचं तर राहा."

राहा म्हणायला काय लागतं! ह्यांना साखरेचा आजार, गावी वेळेवर करून घालणारं कोणी नाही. हे गेले म्हणजे मीही गेले. मग नात कोणाच्या मांडीवर देऊ?

घरामागं माडाची झाडं होती. म्हटलं, झाड ते झाड. दुपारी मीच बाज ओढत नेली आणि लिंबाखाली टाकतो तशी माडाखाली टाकली. वारा बरा होता. हे आडवे झाले न झाले तोच घोरायला लागले. मी हात जोडले.

तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून घरमालकीणबाई ओरडल्या, "अहो वहिनी! माडाखाली कसलं झोपवताय त्यांना? नवरा नकोसा झालाय की काय?"

"काऊन वो बाई? सावली हाय न."

"सावली आहे, आणि वर डोक्याएवढे नारळही आहेत. बघा तरी वर!"

वर पाहिलं आणि मी ह्यांना गदागदा हलवलं. हे जागे झाले, त्यांनीही पाहिलं. "हे काय झाड हाय बे!" म्हणाले, आणि बाज उचलून चालायला लागले. त्याच संध्याकाळी ह्यांनी पिशवी भरली.

मी गडग्याशी जाऊन बाईंना सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. बाई माझ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलं मुंबईला. त्यांनी ऐकून घेतलं, "हं" म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, काय बाई आहे, दोन शब्दही बोलली नाही!

शनिवारी सकाळी मागं धपाधप आवाज. पाहते तर नारळ पाडणारा एक पाडेली माडावर चढलेला, खाली बाई उभ्या. तयार नारळ पडले, मग शहाळी, मग मुठीएवढी हिरवी पोरंसुद्धा. वाळक्या झावळ्याही उतरवल्या.

हे धावतच गेले. "बाई, हे तं कच्चेच हाय! काऊन उतरवून राह्यले?"

"तुमची खाट घालायला. ह्या दोन माडांवर आता काही ठेवलं नाही. झोपा खुशाल."

"अन् तुमचं नुकसान?"

"नारळ काय हो, परत धरतील. इतकी वर्षं हे घर बंद होतं. आत्ता कुठं पलीकडून पोरीचं रडणं ऐकू येतंय, वहिनींचं भाकऱ्या थापणं ऐकू येतंय. ते परत बंद करू?"

आमचे हे कापसाचं एक हिरवं बोंड कोणी तोडलं तरी भांडायला उठणारे. ते उकिडवे बसले. एक बारका नारळ हातात घेऊन फिरवत राहिले. मग विचारलं, "ह्या झाडाले पुन्हा भराले किती दिवस लागतात?"

"वर्ष तरी धरा."

"मंग तवरोक तं झोपाच लागन मले इथं. नाही तं बाईचं हे सारं फुकट जाईन."

हे बोलताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याचं मन, बोललं की फिरायचं. मुकाट्यानं घरात गेले, त्यांच्या पिशवीतली धोतरं-सदरे काढले आणि सगळेच्या सगळे बादलीत भिजत घातले.