चेटकिणीची लाल बाही
कपडे रंगवायच्या काळ्या रंगाचा वास आला की चिचगडमधलं शाळेचं गॅदरिंग आठवतं. वेशभूषेत सगळ्या मुली टीव्ही मालिकेतली राजकन्या झाल्या होत्या. मी मात्र दोनच भागांत मारून टाकलेली चेटकीण झाले. आईचं जुनं लुगडं काळं रंगवून झगा शिवला आणि मालिकेतल्यासारखीच एक बाही लाल ठेवली. परीक्षक मॅडम हसल्या. "चेटकीण कायले झाली गे? अन् एकच बाही लाल काऊन?" मी म्हटलं, "तिच्या बहिणीची आहे, मॅडम. राजानं गाव जाळलं, तेवढीच उरली." "हे मालिकेत कुठं आहे?" "नाही. म्हणूनच मी सांगून राहिली." मंडपात हशा पिकला, बक्षीस एका राजकन्येला गेलं. मी झगा न काढता भर बाजारातून घरी चालत गेले. इतकी वर्षं झाली, त्या बाहीचं दुसरं कारण मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.