रेवलीच्या अकरा चौकटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तेव्हा आईलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच — म्हणून तुला सांगतोय. ह्यालाही भित्रेपणाच म्हणतात, ठाऊक आहे मला.

गोष्ट एका कॉमिकची आहे. हसलास? हस. पन्नाशीला टेकलेला माणूस कॉमिकची कबुली द्यायला बसलाय म्हटल्यावर मीही हसलो असतो.

'धुक्याचा गड' नावाची मालिका होती. महिन्याला एक अंक, बत्तीस पानं, मधे दोन पिना. कुणी एक राजकुमार धुक्यातल्या गडावर हरवलेली आपली माणसं शोधत फिरायचा. त्या राजकुमाराशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. आमची होती ती रेवली — गडाखालच्या नदीतून त्याला नावेने नेणारी मुलगी. जीभ तिखट, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, राजकुमारालाही अरेतुरे करायची. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण वैशाली. वैशू. तिचाही तोच दात तुटला होता, साकीनाक्याच्या आमच्या खोलीच्या पायरीवर आपटून. त्यामुळे रेवली तिची जरा जास्तच.

वैशूला दिसत नाही. जन्मापासून नाही, हळूहळू गेलं. आधी संध्याकाळचं दिसेना, मग फळ्यावरचं, मग अक्षरं. डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की ह्यावर औषध नाही. पहिले सात अंक तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. आठव्यापासून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

कॉमिक वाचून दाखवणं म्हणजे काय, हे तुला करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. शब्द थोडेच असतात, सगळं चित्रात. मी सांगायचो — वर डावीकडे मोठी चौकट, रेवली नावेत उभी. ती विचारायची, वल्हं कुठल्या हातात? पाणी किती जवळ? हसतेय का? तिच्या डोक्यात ती चौकट नीट बसेपर्यंत पुढची घ्यायची नाही. एका अंकाला दोन-दोन तास जायचे. सुरुवातीला मला ते आवडायचं, हेही खोटं नाही.

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही, पण बाजूला पडलं होतं. मग मागच्या हिवाळ्यात कळलं की ती मालिका पुन्हा छापलीये, साठच्या साठ अंक, तीन जाडजूड खंडांत. मी लगेच मागवली. घरी आल्या आल्या दुसरा खंड काढला, कारण त्यात एकविसावा अंक होता, आणि एकविसाव्या अंकात रेवली मरते. त्या अकरा चौकटी मला तोंडपाठ होत्या. धुक्यातून उठणारा तो लांब हात, उलटलेली नाव, पाण्याखाली जाणारा तिचा चेहरा — डोळे उघडे. दहावी चौकट, नुसतं वल्हं तरंगतंय. अकरावी, अख्खं पाणी. इतकं चांगलं पान मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

ते पान तिथे नव्हतं.

मी अंधेरीत औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात छपाई तपासतो. एक टिंब कमी असलं तरी माझ्या डोळ्यांतून सुटत नाही, त्याचा मला माजही आहे. मला वाटलं, ह्यांनी पानं गाळली. रागाने मी प्रकाशकाला ईमेल लिहिला — एकविसाव्या अंकातली रेवलीच्या मृत्यूची दोन पानं, एकूण अकरा चौकटी, आपण वगळलेल्या आहेत, ही वाचकांची फसवणूक आहे. फसवणूक, हा शब्द मी वापरला. चौथ्या दिवशी कुणा बाईंचं सभ्य उत्तर आलं. तशी पानं मूळ अंकातही नाहीत, रेवली साठाव्या अंकापर्यंत जिवंत आहे, आपली दुसऱ्या मालिकेशी गल्लत होत असावी.

मी ते उत्तर ऑफिसच्या कॅंटीनमध्ये वाचलं. आणि तिथेच, समोर चहा निवत असताना, मला आठवलं की ते पान मीच केलं होतं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण चोरी काय केली होती? सांगतो. मी उगीच लांबवतोय, मलाही कळतंय.

मी चौदा वर्षांचा होतो, वैशू अकराची. त्या रविवारी आमच्या गल्लीची पलीकडच्या गल्लीशी मॅच होती आणि मी ओपनिंग बॉलर. एकविसावा अंक आदल्या दिवशी मीच घाटकोपर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून आणला होता, तेही काम माझंच होतं. बाबा म्हणाले, आधी वैशूला वाचून दाखव, मग खेळायला जा. खाली पोरं हाका मारत होती. वैशू भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन तयार बसली होती. मी सहा पानं कशीबशी सांगितली. सातव्यावर तिने विचारलं, रेवलीने आज ओढणी कुठली घेतलीये. आणि मला तिचा इतका राग आला — त्या प्रश्नाचा, त्या ओढणीचा, तिच्या त्या तयार होऊन बसण्याचा — की मी म्हणालो, वैशू, थांब, इथे काहीतरी वाईट झालंय.

आणि मी रेवलीला बुडवली.

एवढंच असतं तरी मी कदाचित तुला सांगितलं नसतं. घाईत मारलेली थाप असती. पण तसं झालं नाही. मी घाई केलीच नाही. पोरं हाका मारत राहिली आणि मी एकेक चौकट सावकाश सांगत गेलो, कारण मला ते जमत होतं. मला मजा येत होती. तिने विचारलं, डोळे मिटलेत का? मी क्षणभर विचार केला — हो, विचार केला — आणि म्हणालो, नाही, उघडे आहेत. मग तिने काही विचारलं नाही. मी सांगितलं, मालिका इथेच संपली, हा शेवटचा अंक. आणि खाली गेलो. मी तीन विकेट काढल्या, आम्ही जिंकलो. वडापाव खाल्ला.

वैशू दोन दिवस नीट जेवली नाही. आईला वाटलं पोट बिघडलंय. तुला कळतंय ना मी काय केलं? तिला आठवत असलेले चेहरे मोजकेच होते — आईबाबांचा, माझा, शेजारच्या दोघा-तिघांचा. आणि रेवलीचा. त्यातला एक मी मॅचसाठी पाण्यात घातला.

पुढे वर्षभर ती मला तो शेवट पुन्हा सांगायला लावायची. खोटं बोल पण रेटून बोल, तसं मी दर वेळी तेच सांगायचो, तेच शब्द, एकही चौकट इकडची तिकडे नाही. एवढ्या वेळा सांगितलं की ते माझ्यासाठीही खरं झालं असावं. आणि त्याच दिवसांत पुढचे चार-पाच अंक मी चोरून आणले, पुस्तकात घालून वाचले. कुठे वाचले? खोली तर एकच होती. वैशूच्या शेजारी बसून. ती विचारायची, काय वाचतोयस रे दादा? मी म्हणायचो, इतिहास. एकदा म्हणाली, तुझ्या इतिहासाची पानं फार वाजतात. तेव्हापासून मी पानं हळू उलटायला शिकलो. मग दहावी आली आणि ते सुटलं. गंमत बघ — ते खरे अंक मी साफ विसरलो आणि खोटा तेवढा लक्षात राहिला.

ह्या वेळी मी तिन्ही खंड वाचून काढले. रेवली राहते शेवटपर्यंत. शेवटच्या चित्रात ती सगळ्यांना नावेत घालून गडावरून बाहेर काढतेय, हसतेय, तो तुटका दात दिसतो. एकोणचाळीस अंक वैशूला मिळाले असते. मीच तर वाचून दाखवणार होतो.

तिचं पुढे चांगलं झालं, म्हणजे तिने केलं. एका बँकेत टेलिफोन सांभाळते, घाटकोपरला घर आहे, नवरा भला माणूस आहे. मुलगी ओवी, सहावीत. ओवीला तिने लहानपणापासून रेवलीची गोष्ट सांगितलीये, शेवटासकट, माझ्याच शब्दांत. त्यांच्या फ्रिजवर ओवीने काढलेलं चित्र आहे — निळं पाणी आणि एक वल्हं. मी ते कित्येकदा पाहिलंय आणि छान काढलंस म्हटलंय. वैशू एकदा म्हणाली होती, दादा, रेवली गेली तेव्हा मी इतकं रडून घेतलं ना, की नंतर डोळ्यांसाठी वेगळं रडावं लागलं नाही. ह्या वाक्याचा आधार घेऊन सुटता येईल. मी घेऊनही पाहिला. दोन दिवससुद्धा टिकला नाही.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "दादा, धुक्याचा गड परत आलाय म्हणे. ओवीने मोबाईलवर बघितलं. बुद्धपौर्णिमेला खीर खायला येशील ना, तेव्हा घेऊन ये. आता ही वाचेल मला, तुझी सुटका." पुस्तकं तेव्हा माझ्या कपाटात होती.

मी ठरवलं, आता सांगायचं. साकीनाक्याहून मेट्रोत बसलो, पिशवी मांडीवर, आणि घाटकोपर येईपर्यंत एकच वाक्य घोकत होतो — वैशू, रेवली मेली नव्हती. सोपं वाक्य आहे. तूही म्हणून बघ, काही अवघड नाही. तिच्या घरी गेलो, खीर खाल्ली, दुसऱ्यांदा घेतली. वैशूने तिन्ही खंड हाताने चाचपले, वास घेतला, आणि म्हणाली, "ओवी, आधी एकविसावा काढ. तो मला ऐकायचाय, खऱ्या पुस्तकातून."

तेव्हा तरी बोलायचं ना?  मी वाटी धरून बसलो.

ओवी छान वाचते. आईसाठी कसं वाचायचं तिला बरोबर ठाऊक आहे — वर डावीकडे, खाली उजवीकडे, कुठल्या हातात काय. सहा पानं झाली. सातव्यावर ती थांबली. पान उलटून पुढे पाहिलं, परत मागे आली. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांची पोर. तिला सगळं कळायला किती वेळ लागला असेल? मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची.

तिने पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि वाचायला लागली. धुक्यातून एक लांब हात उठतो. नाव उलटते. अकराच्या अकरा चौकटी तिने म्हणून दाखवल्या, समोरच्या पानावर रेवली नावेत बसून कणसं खात असताना. पानसुद्धा योग्य जागी उलटलं.

"डोळे?" वैशूने विचारलं.

"उघडे आहेत, आई."

वैशूने डोळे पुसले आणि माझ्या दिशेला हात केला. मी तो हातात घेतला. ती म्हणाली, "मला तेव्हा कधीकधी वाटायचं रे, हा खेळायला जायच्या नादात काहीतरी गाळतोय. पण एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हतास तू." मग तिचा अंगठा पुस्तकाच्या कडेवरून फिरला. "पण मग पुढे एवढी पानं कसली?"

ओवीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ती माझ्यासाठी थांबली होती. मला संधी देत होती, मोठ्या माणसाने लहानाला द्यावी तशी.

मी म्हणालो, "दुसऱ्या गोष्टी आहेत गं."

निघताना ओवी नेहमी लिफ्टपर्यंत येते, बटण तिला दाबायचं असतं. त्या दिवशीही आली, पण बटण दाबलं नाही. हळूच म्हणाली, "मामा, तू सांगणार आहेस ना आईला?" मी हो म्हणालो. त्याला आता तीन महिने होतील.

परवा रविवारी वैशूचा फोन होता, असाच, खुशालीचा. म्हणाली, ओवी हल्ली फार शहाणी झालीये. शाळेतून आली की माझ्याच शेजारी वाचत बसते. काय वाचतेस विचारलं तर म्हणते, इतिहास. आणि पानं इतकी हळू उलटते दादा, की शेजारी कुणी बसलंय हेसुद्धा मला कळत नाही.

मी म्हणालो, चांगलं आहे.