पाचटावरची मोटार

अंजनाचं माहेर जतकडचं. तिथं हंडाभर पाण्याला दोन कोस चालायची सवय, त्यामुळं कुठलीही गोष्ट फुकट जाताना दिसली की तिच्या जिवाला चैन पडायची नाही. लग्न होऊन पलूसला आली, हिरवागार ऊस बघितला, तरी वाटेवरची काटकी उचलल्याशिवाय ती पुढं जायची नाही. नवरा आकाराम हसायचा. पुढं त्याच्या अब्रूवर आलं, तेव्हा तीच सवय कामाला आली.

आकाराम पहिल्या लढाईत बसऱ्याला लष्करी लॉरी हाकून आलेला. गावात मोटार एकच, बागायतदार नानासोंची, आणि ती हाकणारा माणूसही एकच. सांगलीच्या कुणा वकिलानं वापरून वापरून टाकलेली ती मोटार नानासो नव्या नवरीसारखी जपायचे. आता दुसरी लढाई चालू, टायर मिळेनात. मग नानासोंनी शक्कल काढली. म्हशीखाली घालतात तसं मोटारीखाली वीतभर उसाचं पाचट, म्हणजे वाळला पाला, अंथरायचं. का, तर म्हणे मातीच्या ओलीनं टायर कुजतात!

पेट्रोल कुपनावर, तेही मोजकंच. म्हणून लिंबाच्या काठीला बोटाबोटावर खुणा पाडलेल्या. रात्रीला गाडी उभी केली की नानासो टाकीत काठी बुडवायचे, सकाळी परत बुडवायचे. एके सकाळी आठाची सात बोटं निघाली. दुसऱ्या सकाळी सहा.

त्या दिवशी बाजार. पारावर माणसं दाटलेली. नानासोंनी आकारामला सगळ्यांपुढं उभा केला आणि राखणदाराला म्हणाले, "गुंडा, याचं धोतर हुंग रं."

गुंडानं हुंगलं. "वास हाय जी. पेट्रोलचाच."

"बघा! चोर घरातच हाय."

माणसं हसली. लष्करात आकारामला साहेबापुढं ताठ उभं राहायला शिकवलेलं, उत्तर द्यायला नाही.

अंजनाला कळलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली.

"आवं, ड्रायव्हरच्या धोतराला पेट्रोलचा न्हाई तर काय मोगऱ्याचा वास यील? म्हशीवाल्याला हुंगा म्हणावं. शेणाचा आला तर त्यो शेणचोर व्हय?"

"गप, अंजना. ऐकतील."

"ऐकू द्या की! तुमी गप बसला म्हणून त्यांची जीभ सुटली."

गळती शोधायला आकारामनं टाकीच्या पत्र्याखालून हात फिरवला होता. हात कोरडा. चार दिवस तो अर्ध्या भाकरीवर उठत होता आणि पाराकडची वाट टाळून लांबून जात होता.

पाचव्या दिवशी गुंडानं मोटारीखालचं जुनं पाचट काढून उकिरड्यावर टाकलं. अंजनाच ती. तिनं त्यातलं कवळाभर उचलून घरी आणलं, चुलीत कोंबलं आणि काडी ओढली. भक्कन जाळ आढ्याला! कपाळावरचे केस होरपळले. तिनं घमेलंभर माती टाकली, उरलेलं पाचट नाकाशी धरलं, आणि तशीच काखेत मारून मोटारीच्या छपराकडं धावली.

"घ्या, हे हुंगा!"

आकारामनं हुंगलं. "हे कुठलं गं?"

"मोटारीखालनं काढलेलं. चोर पाचटात निजलाय तुमचा!"

त्यानं लगोलग टाकी उतरवली. टाकीला आवळलेल्या लोखंडी पट्टीखाली जाड लोकरी कापड होतं. ते काढलं तर आत पत्रा गंजून चाळण झालेला. कापड पेट्रोल प्यायचं, पट्टीच्या कडेनं थेंब थेंब सोडायचं, आणि पाचट ते मुकाट गिळायचं. मातीवर गाडी असती, तर पहिल्याच सकाळी डाग दिसला असता.

मग नवराबायको कामाला लागली. पेट्रोल डब्यात काढलं. टाकीत धुण्याचा सोडा, कढत पाणी आणि चार मुठी नदीतले खडे घातले, वाशाला लुगड्याची झोळी बांधली, टाकी आत निजवली आणि अंजना झोके देत बसली. आत खडखडाट.

शेजारची दगडाबाई डोकावली. "अंजने, पोरगं का पोरगी?"

"नानासोंचं पाप हाय, बाई. लय रडतंय!"

विटकरी पाणी ओतायचं, नवं भरायचं. पाणी नितळ निघेस्तोवर दुपार टळली. मग आकारामनं टाकी भोकं वर करून ठेवली आणि भोकांखाली जरा जागा सोडून पाण्यानं भरली.

"रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ दडून बसती," तो म्हणाला. "तिला विस्तव दावला की माणूस उडतो. बसऱ्यात बघितलंय मी."

पत्रा घासून चकचकीत केला, नवसागर चोळला, ठिगळ बसवलं आणि तापल्या सळईनं कथील-शिशाचा रस चारी कडांनी फिरवून झाळलं. दोन दिवस टाकी उन्हात वाळवली. मोटार या वेळी उघड्या मातीवर उभी केली. डब्यातलं आणि नव्या कुपनाचं पेट्रोल घातलं; संध्याकाळी काठीला आठ बोटं. सकाळी आठ.

"झकास!" नानासो म्हणाले. "उद्या सांगलीला जायचंय. मोटार काढ."

"आन तुमी चोर म्हणाला, त्याचं काय?" अंजना छपराच्या मेढीआडून बोलली.

"अगं, रागात माणूस बोलून जातो."

"पारावर बोलला न्हवं? मग पारावरच माघारी घ्या."

नानासोंचं तोंड तांबडं झालं. एका बाईनं त्यांना पारावर उभं करायचं! संध्याकाळी त्यांनी गुंडाच्या हाती कोरं धोतर धाडलं. अंजनानं ते गुंडासमोर नाकाशी धरलं.

"याला कसलाच वास न्हाई रं. तोंडानं बोलायचं ते धोतर कसं बोलंल? ने माघारी."

आणि त्या दिवशी आकारामही गप राहिला नाही. मोटारीची किल्ली त्यानं गुंडाच्या हातावर ठेवली.

"सांग त्यास्नी. पारावर बोलले की येतो."

नानासो बोलले नाहीत. महिन्यानं आकाराम बिऱ्हाडासकट सांगलीला गेला आणि कोळशाच्या गॅसवरची उतारूंची सर्व्हिस मोटार हाकायला लागला. संध्याकाळी काळाठिक्कर होऊन यायचा. अंजना कपडे हुंगायची नाही, नुसती धुवायची.

इकडं पलूसला नानासो रोज सकाळी छपरात जाऊन काठी बुडवायचे. थेंबसुद्धा गळत नव्हता. आठच्या आठ बोटं, जिथल्या तिथं. गाडी हाकायलाच कुणी नाही म्हटल्यावर, पेट्रोल जाणार कुठं?