किड्यांसाठी मालवलेली ट्यूब

धाकट्या जावेचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर होते आणि मशीन थांबवायचं बटण मला सापडत नव्हतं. ती ओरडत होती, "वयनी, बंद करा ओ, बंद करा!" मी भिंत चाचपत होते. अंधार होता, आणि तो मीच केला होता.

आमचा कारखाना रत्नागिरीच्या बाहेर, आंब्याचा रस डब्यात भरण्याचा. मे संपता संपता आभाळ भरून आलं की दिवेलागणीला पंखवाले किडे ट्यूबवर येतात आणि खाली रसात पडतात. एक किडा सापडला तरी अख्खी टाकी ओतून द्यावी लागे, मग मुकादम आम्हा बायकांना वाट्टेल ते बोले. म्हणून आम्हीच एक रीत पाडली होती. मशीनवरची ट्यूब मालवायची आणि दाराबाहेरची लावायची. किडे बाहेर जात. मुकादमाला हे माहीत होतं, तो काही बोलत नसे.

त्या संध्याकाळी मी ट्यूब मालवली तशी जाऊ म्हणाली, "वयनी, मला माझाच हात दिसत नाय."

"कशाला बघायचाय? बांगड्या भरायच्यात काय?" मी म्हटलं. सगळ्या हसल्या. तीही हसली.

रस काढायच्या मशीनमध्ये आंब्याची सालं अडकली की लाकडी दांड्याने ढकलायची असा नियम होता. अंधारात तिला दांडा मिळेना, म्हणून तिने हातानेच ढकललं. आधी रबरी हातमोजा ओढला गेला, मग हात.

बटण दुसऱ्या एका बाईने मोबाईलच्या उजेडात दाबलं. मी तेव्हाही भिंतीलाच हात लावून उभी होते.

चौकशीला साहेब आले. ट्यूब कोणी मालवली, असं त्यांनी विचारलं. मुकादम म्हणाला, बायकांनी. मी तिथेच होते, पण तोंड उघडलं नाही. जावेला कामावर मीच नेलं होतं, हेही मी सांगितलं नाही.

आता तिथे पिवळे दिवे आहेत, त्यांच्यावर किडे फारसे येत नाहीत. ते आधीही मागता आले असते. आम्ही कोणी मागितले नाहीत. घरात आम्ही दोघी एका चुलीचं जेवतो, पण त्या ट्यूबबद्दल मी तिच्याशी कधी बोलले नाही.

जाऊ वाचली. तिचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.