फुकटच्या सहलीतलं गाऱ्हाणं

बायको पाळण्यात बसली होती. नुकतीच. पाळणा हललाही नव्हता. बागेच्या माणसानं दांडी धरली आणि म्हणाला, "उतरा. हे पाहुण्यांसाठी आहेत." ती उतरली. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि ती बसलेली फळी पुसली. सगळ्यांदेखत. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बोरिवलीच्या पुढं एका शेठची ती नवी बाग. तळ्यात होड्या, गोल फिरणारे पाळणे, सिमेंटचा खोटा किल्ला. जवळच डोंगरात लेणी. आमच्या मिलनं सहल काढली होती, बायकापोरांसकट, फुकट. लालबागहून लॉऱ्या भरून. मला पहिल्यापासून वास येत होता. पाणी प्यायला साचा, म्हणजे माग, सोडला तर जिथं जॉबर, आमचा मुकादम, आईबापाचा उद्धार करतो, ती मिल एकाएकी लेणी कशाला दाखवेल? आणि नेमकी त्याच रविवारी? त्या संध्याकाळी शिवाजी पार्कात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. आमची अख्खी चाळ जाणार होती. भिकूकाका म्हणजे आमच्या गावचे, साच्यावरचे जुने कामगार. त्यांच्याशी बोललो तर म्हणाले, तुला मेल्या सगळ्यात खोट दिसते, पुरीभाजी खा आणि गप बस. पुरीभाजी मिळाली. किल्ल्यामागं, भिंतीच्या कडेला. पाहुणे म्हणजे मालकांच्या ओळखीची बडी मंडळी, ती टेबलांवर.

जेवणं झाल्यावर लेबर ऑफिसर आला. गिरगावचा, मराठीच, पण बोलणं पुस्तकातलं. म्हणाला, पाहुण्यांना तुमचं कोकणातलं गाऱ्हाणं ऐकायचंय. देवापुढं नारळ धरून एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ते. मिलमधल्या आमच्या खात्यातल्या पूजेला बापानंतर मीच ते घालायचो. नारळ त्यांनी आधीच आणून ठेवला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा..." सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाले. खुर्च्यांवरची मंडळी हसली. एका बाईनं आमची नक्कल केली. मग ऑफिसर माझ्या कानाशी वाकला.

"आता मागा, मुंबई वेगळीच राहू दे. आणि हे मोर्चे बंद होऊ देत."

मी समोर बघितलं. माझी माणसं हात जोडून तयार. मी बोललो असतो त्याला ती 'व्हय' म्हणाली असती. काय मागितलं ते न ऐकता. सवयीनं. उद्या हेच पाहुणे गावभर सांगणार, गिरणीकामगारच देवाकडं हे मागतो म्हणून.

भिकूकाका हळूच म्हणाले, "घाल रे बाबा, तुझा काय जाता?"

"सगळाच जाता, काका."

नारळ मी खाली ठेवला. ऑफिसरला म्हणालो, "देव आमचा आहे. त्याच्यापुढं तुमचं मागणं मी घालणार नाही."

तो लालबुंद झाला. उद्या कामावर ये, मग बघतो, म्हणाला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? बायकोनं माझा हात धरला आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. मागून काही जण आले. भिकूकाका आले नाहीत. आम्ही सभेला पोचलो तेव्हा भाषणं संपत आली होती.

सोमवारी मिलच्या दारातच मला अडवलं. नोकरी गेली ती गेलीच.

तेव्हापासून कुणी गोड बोलून मला पुढं बसवलं की मी आधी विचारतो, माझ्या तोंडून काय वदवून घ्यायचंय? पुरतं ऐकल्याशिवाय मी कुणाला 'व्हय' म्हणत नाही. देवळातसुद्धा नाही.