सासऱ्यांच्या पायताणाची करकर

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच, कारण एवढी फजिती जन्मात दुसरी झाली नाही!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहायचो. कुस्ती सुटून दहा वर्षं झालेली, पण पैलवानाचा खुराक सुटतोय होय? तूप, मटण, थंडाई, सगळं चालू. बंद होता तो फक्त व्यायाम!

एक दिवस न्हाणीत नुसता घसरलो आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला, रक्त-लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं.

"पैलवान, लिव्हरवर चरबी चढलीया, लघवीत साखर हाय. ह्या दोघींच्या नादानं हाडंबी कच्ची व्हायल्यात. उद्या खुबा मोडला तर खाटंवरनं उठायचा न्हाईस!"

मी हादरलो. रोज पहाटे रंकाळा तळ्याला फेरी मारायची, गोड-तुपकट आणि मटण बंद, असं ठरलं. आठवडाभर पाळलं. मग वाटेतल्या हॉटेलातल्या भज्यांचा वास नडला.

एका पहाटे धुकं असं दाट की तळ्याचं पाणीच दिसेना. मी हळूच हॉटेलकडं वळलो, आणि मागून आवाज आला. कर्र... कर्र...

थांबलो. आवाज थांबला. चाललो. कर्र... कर्र...

कोल्हापुरात पायताणाची करकर कुणाला नवी? पण ही करकर मी झोपेतसुद्धा ओळखली असती. वस्तादांची! माझे गुरू, आणि सासरेही. पहाटे पळताना पोरं अंगचोरी करतात का, हे बघायला ते असेच मागोमाग चालायचे.

आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं!

मागं वळून बघायची छाती कुणाची? फेरी पुरी केली. दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच! हॉटेल सुटलं, साखर उतरली. डॉक्टर खूश. आता त्यांना काय सांगू, मेलेला माणूस चालवतोय म्हणून?

मग एके दिवशी करकर अगदी पाठीशी आली. मानेला श्वास लागला. डोळे मिटून वळलो आणि त्या पायताणांवर डोकं ठेवलं.

"वस्ताद, चुकलो! उचगावच्या दोस्ताकडं दर आयतवारी मटण हानतोय. कपाटामागं तुपाची बरणी लपवलीया. परवा बारशाला सात जिलेब्या खाल्ल्या. पर मला न्हेऊ नगासा!"

वरून आवाज आला, "सात? मला तर दोनच म्हनलासा की!"

डोळे उघडले. पायताणं वस्तादांचीच, आठवण म्हणून माहेरून आणलेली. आतले पाय मात्र बायकोचे!

"माझा बा असता तर त्येनं ह्येच केलं असतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुमी खाटंवर पडलासा तर मी कुनाकडं बघू?"

मला खरंच लाज वाटली. उठायला गेलो तर उठवेना. एवढा पैलवान गडी, तिनंच बगलेत हात घालून उभा केला.

"चला फुडं. आन ती बरणी कुटल्या कपाटामागं हाय?"

त्या भरात मी विचारलं, "तिन्हीतली कंची?"